टोकापासून तिसरा बांध

फालक्रान्स
९ मार्च १९९८

श्रीमती डी. लोम्बार्ड यांस (मासिकाच्या पत्त्यावर),

आमच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दोन तास जातात. तिथल्या बाकावर आपल्या मासिकाचा जानेवारीचा अंक पडलेला होता. किनाऱ्यावरच्या गावांविषयी आपण जी लेखमाला लिहिता, तिच्यातला स्कुल्पबायचा लेख मी वाचला. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. चूक दिसली की सोडवत नाही.

पहिली चूक. 'गाव १९६७ साली वसलं' असं आपण म्हणता. त्या साली तिथं सुट्टीची पहिली घरं झाली. गाव त्याआधी शंभर वर्षं तरी होतं. १९६६ साली वर्णभेदाच्या कायद्यानं ते गोऱ्यांसाठी राखीव झालं आणि आम्हा अकरा मिश्रवर्णीय कोळी घरांना ट्रकमध्ये घालून टेकडीमागे, समुद्रापासून चौदा किलोमीटरवर, इथं आणून टाकलं. आमच्या घराच्या जागी आता तुम्ही लोक गाड्या लावता.

दुसरी चूक. पाण्यातले दगडी बांध ही 'सुट्टीला येणाऱ्या कुटुंबांची जुनी हौस' नव्हे. भरतीला मासे बांधावरून आत यायचे, ओहोटीला पाणी फटींतून निघून जायचं आणि मासे तळ्यात राहायचे. त्यावर अकरा घरं जेवत होती. नियम एकच होता: ज्या घरानं बांध रचला, तळं त्या घराचं. दोन हिवाळे रचला नाही, तर हक्क गेला.

तिसरी गोष्ट चूक नाही, म्हणूनच हे पत्र. आपण लिहिलं आहे की टोकापासूनच्या तिसऱ्या बांधात प्रत्येक दगडाचं पोट समुद्राकडे असतं आणि फटीत अंगठ्याएवढा गोटा खालून वर ठोकलेला असतो. बाकी सगळे वरून ठोकायचे. खालून ठोकणारा माणूस एकच होता, माझे वडील आबेल आरेंड्स. त्यांना मुलगा नव्हता. त्यांनी ते दोन मुलींना शिकवलं. एक मी. दुसरी १९६० साली टायपिस्टच्या नोकरीसाठी जॉर्ज शहराच्या बसमध्ये बसली, पुढच्या वर्षी कागदोपत्री गोरी झाली आणि परत आली नाही.

लेखाशेजारी आपला टोपीतला फोटो आहे. आमची मा उन्हात अशीच मान तिरकी धरायची.

तो बांध १९६८ सालीच ढासळायला हवा होता. उभा कसा आहे? हिरावलेल्या जमिनींवरच्या दाव्यांची मुदत डिसेंबरअखेर संपते. मला उत्तर हवं आहे.

हेस्टर आरेंड्स
(निवृत्त मुख्याध्यापिका)


आर्निस्टन
२ एप्रिल १९९८

श्रीमती आरेंड्स यांस,

आपलं पत्र संपादकांनी मला पाठवलं. आपला काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. मी फ्री स्टेट प्रांतातली, माझे वडील रेल्वेत होते. समुद्र मी लग्नानंतर पाहिला.

दगडांची ती माहिती मला किनाऱ्यावर भेटलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं दिली. डावखुरा होता, भला माणूस होता. नाव विचारायचं राहून गेलं.

गावाच्या सालाची दुरुस्ती मी संपादकांना कळवीन. सध्या इथली गुहा पाहायला आले आहे. ओहोटीचे दोन तासच आत जाता येतं. मग समुद्र दार लावून घेतो.

आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून खेद आहे.

डी. लोम्बार्ड


फालक्रान्स
१६ एप्रिल १९९८

श्रीमती लोम्बार्ड यांस,

पा डावखुरे होते हे मी आपल्याला लिहिलं नव्हतं.

शिवाय १९६६ नंतर त्या किनाऱ्यावर आमच्यातला म्हातारा कोळी कुणाला भेटणं शक्यच नव्हतं. वाळूवर पाऊल ठेवलं तर पोलीस उचलायचे. पा १९६९ साली इथंच गेले. शेवटची तीन वर्षं दारात खुर्ची टाकून समुद्राच्या दिशेला तोंड करून बसायचे. मध्ये टेकडी होती.

आता कुणी उचलत नाही, नुसते बघतात. परवाच्या पुनवेला मी ऊम सॉलींना, म्हणजे सॉलीकाकांना, घेऊन तिथं गेले. दुसरा बांध त्यांचा होता. वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्यानं दिसत नाही. त्यांच्या बांधाची जागासुद्धा सापडेना. मग ते आमच्या बांधाकडे आले, गुडघ्यावर बसले आणि फटींतून हात फिरवत गेले. म्हणाले, "हेस्टर, हा आबेलचा हात आहे." मी म्हटलं, "पा जाऊन एकोणतीस वर्षं झाली." म्हणाले, "ते मला नको सांगूस. मी खांदा दिलाय. पण हात त्याचाच आहे."

तो तुझा डावा हात आहे, दोरा. पुढचं पत्र खरं लिही, नाहीतर लिहू नकोस.

हेस्टर


स्ट्रुइसबाय
२१ मे १९९८

सुस,

अडतीस वर्षांनी थोरल्या बहिणीला ही हाक मारते आहे. तुला चालत नसेल तर तेवढी खोडून पुढचं वाच.

हो. बांध मीच रचते.

१९६८ साली स्कुल्पबायला जागा विकायला निघाल्या. मी गर्टच्या मागं लागले, तिथंच घर हवं. त्याला वाटलं, बायकोला समुद्र आवडतो. पहिलं वर्षभर मी त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाही. मग सप्टेंबरच्या वादळात बांधाचे मधले चार हात दगड निसटले. एक दगड उचलून ठेवला. दुसऱ्या दिवशी दहा. तेव्हापासून मार्चच्या आणि सप्टेंबरच्या उधाणाला एकही वर्ष चुकवलं नाही. तिकडं माझं नाव थिआ. लोक म्हणतात, थिआचा छंद. गर्ट असताना माझे हात बघून म्हणायचा, "मी बायको केली की गवंडी?" रियान, माझा मुलगा, लहानपणी गोटे आणून द्यायचा. कोणता गोटा बसेल हे त्याला न सांगता कळायचं. तेव्हा मला भीती वाटायची.

ही लेखमालासुद्धा त्यासाठीच घेतली. गर्ट गेल्यावर दर उधाणाला जॉर्जच्या घरून एकटीनं तिथं जायला कारण लागायला लागलं. एका किनाऱ्याला जाता यावं म्हणून मी चाळीस किनाऱ्यांवर लिहिलं आहे. आज इथल्या बंदरात मोठी पाकट पायऱ्यांपाशी येऊन माणसांच्या हातून मासे खाते. त्यावर सहाशे शब्द लिहायचे आहेत.

मासे मी कधी घेतले नाहीत. आत अडकलेले दिसले की खालचा एक दगड काढते आणि त्यांना सोडते.

माच्या अंत्ययात्रेला, १९७४ साली, मी चर्चच्या समोर गाडीत होते. तू पाहिलंस. तू मान वळवलीस आणि मला बरं वाटलं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

दोरा


फालक्रान्स
८ जून १९९८

दोरा,

मासे सोडून देतेस हे वाचून पा उठून बसतील. बाकीचं त्यांनी एखादवेळेस पोटात घातलं असतं. बोई माशांनी भरलेलं तळं रिकामं करणं त्यांना समजलं नसतं.

मला तुझे अश्रू नकोत. सही हवी आहे. नीट वाच.

आमच्या अकरा घरांचा दावा मी तयार करते आहे. घरांच्या जागांचं काहीतरी होईल. बांधांचं अडलं आहे, कारण समुद्र म्हणजे जमीन नव्हे. दाव्यांच्या कचेरीतल्या अधिकारी बाई म्हणतात, एखाद्या घरानं आपला बांध मध्ये खंड न पडता राखल्याचं दाखवा, म्हणजे वहिवाट म्हणून तो दाव्यात घेता येईल आणि त्याच्या आधारे बाकीचे मागता येतील. दहा बांध आता नुसते विखुरलेले धोंडे आहेत. उभा आहे तो एकच, आणि तो आबेल आरेंड्सच्या घरानं राखला आहे. हे सिद्ध करणारं माणूस जगात एकच आहे.

एवढंच लिही: मी दोरोथिआ, आबेल आणि मार्था आरेंड्स यांची धाकटी मुलगी, १९६९ पासून आजपर्यंत हा बांध रचत आले आहे. खाली सही. वर्णभेदाचा तो कायदा गेला, तुला आता कुणी काही करू शकत नाही.

इथल्या मुली बत्तीस रॅंडचा डबाबंद मासा आणतात, दोरा. समुद्र चौदा किलोमीटरवर आहे.

हेस्टर


विटसँड
३० ऑगस्ट १९९८

सुस,

उत्तराला उशीर झाला. इथं नदीच्या मुखाशी देवमासे पिलं घेऊन आले आहेत. गॅलरीत बसून मोजता येतात. मी सकाळपासून मोजते आहे, कारण हे पत्र लिहायचं नव्हतं.

रियान आमच्या घरमालक संघाचा सचिव आहे. तुमच्या दाव्याची कुणकुण लागल्यावर संघानं ठरवलं की बांध आपलेच म्हणून नोंदवायचे. मी तुझं पत्र पर्समध्ये ठेवून चार दिवस योग्य वेळ शोधत होते. पाचव्या दिवशी न्याहारीला त्यानं कागद पुढं केला. 'माझी आई श्रीमती थिआ लोम्बार्ड हिनं हा बांध गेली एकोणतीस वर्षं स्वतःच्या हातांनी राखला आहे.' म्हणाला, "बघ आई, तुझा छंद कामाला आला. तुझ्यावाचून आमच्याकडं काहीच पुरावा नव्हता." मी टोस्ट खात होते. सही केली.

तू म्हणशील कायदा बदलला. बदलला. रियान नाही बदलला. त्याला ठाऊक नाही, सुनेला ठाऊक नाही, नातू सहा वर्षांचा आहे. तो जन्मला तेव्हा, केस आपल्यासारखे कुरळे निघाले तर, म्हणून दोन दिवस मी त्याच्या केसांकडे बघायला घाबरत होते. तुला हे ऐकून किळस येईल. मलाही येते.

थोडा वेळ दे. नाताळपर्यंत.

दोरा


फालक्रान्स
७ ऑक्टोबर १९९८

दोरा,

काल बांधाच्या पाहणीला तू किनाऱ्यावर होतीस. तरी लिहिते, कारण अधिकारी बाईंनी जे टिपून घेतलं नाही ते कुठंतरी लिहिलेलं असावं.

त्यांनी ऊम सॉलींना विचारलं, "काका, हा बांध कुणाचा?"

ऊम सॉलींनी फटीत हात घातला. "आबेल आरेंड्सचा."

तुमच्या वकिलांनी विचारलं, "तो केव्हा वारला?"

"एकोणसत्तर साली."

"म्हणजे मेलेला माणूस एकोणतीस वर्षं दगड रचतोय?"

"मेलेला कशाला रचील? त्याची मुलगी रचते."

"या बाई?" वकिलांनी माझ्याकडं बोट केलं.

"ही कसली रचते. ही उजव्या हाताची. हिचे दगड एका भरतीत पडायचे, बाप कपाळाला हात लावायचा."

लोक हसले. मीही हसले, खरं आहे ते.

मग तुझा रियान पुढं आला. उंच आहे, कान थेट पांचे आहेत. त्यानं कागद दिला आणि म्हणाला, "हा बांध माझ्या आईनं रचलाय. ती इथं बसलीय, विचारा."

ऊम सॉलींनी तुझ्याकडं पुष्कळ वेळ पाहिलं. मग टोपी काढली. "मग ही बाई आबेलची मुलगी."

त्यावर सगळा किनारा हसला. रियान सगळ्यांत मोठ्यानं, पण मनात काही वाईट न ठेवता. म्हणाला, "ऐकलंस का आई, या वयात तुला नवे वडील मिळाले."

तू थर्मास उघडलास आणि कॉफी ओतलीस. डाव्या हातानं.

तुझं मे महिन्यातलं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी मनात दहापर्यंत आकडे मोजले. उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या पोरांसाठी मी वर्गात मोजायची, तसे. मग अधिकारी बाईंनी फाईल मिटली. परतीच्या बसमध्ये ऊम सॉलींनी एवढंच विचारलं, "ती कधी बोलणार आहे?" मी म्हटलं, नाताळपर्यंत वेळ मागितला आहे.

हेस्टर


जॉर्ज
१ डिसेंबर १९९८

सुस,

तू का बोलली नाहीस? मी पिशवीकडं बघत होते. तू हात घातलास तेव्हा मला वाटलं, आता सुटले. नाव तू घेतलं असतंस तर माझ्याकडं नाही म्हणायला जागा उरली नसती. तू हात रिकामाच बाहेर काढलास. रुमालसुद्धा नाही.

नाताळला सगळे स्कुल्पबायला असतील, सुनेचे आईवडीलसुद्धा. त्यांच्यासमोर हे काढता येणार नाही हे तूही मान्य करशील.

एक विनंती आहे. २१ मेचं माझं पत्र परत पाठव. तू ते वापरणार नाहीस असं वाटतं, पण वाटण्यावर झोप लागत नाही.

दोरा


फालक्रान्स
४ जानेवारी १९९९

दोरा,

तुझं पत्र सोबत आहे. प्रत काढलेली नाही. दावा ३० डिसेंबरला दाखल केला. त्यात अकरा घरांच्या जागा आहेत. बांध नाही.

का वापरलं नाही, ते एकदाच सांगते. १९६१ साली तुझ्या चौकशीला एक साहेब घरी आला होता. दोरोथिआ नावाची मुलगी या घरातली का, त्यानं विचारलं. मा म्हणाली, नाही. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी शिक्षिका होते, माझ्या शब्दाला वजन होतं. मीही नाही म्हटलं. तू गोरी झालीस ती आमच्या त्या दोन शब्दांवर. आम्ही तुला दिलेलं ते शेवटचं. दिलेलं मी परत घेत नाही. आणि एकाचं उत्तर मी आजवर दुसऱ्याच्या तोंडून घेतलेलं नाही.

पण बांध मी तुला दिला नव्हता.

काल साडेनऊला पूर्ण ओहोटी होती. मी, इथल्या चार बायका आणि खुर्चीवर ऊम सॉली. किनारा छत्र्यांनी भरला होता. आम्ही बूट काढले आणि टोकाकडून सुरुवात केली. पांचे गोटे खालून ठोकलेले होते, ते खालूनच काढावे लागतात. मला ठाऊक आहे कसे. बाकीच्यांना दाखवलं. दीड तासात बांध मोकळा झाला. तळ्यात बोई होत्या, पन्नासेक. त्या आम्ही घेतल्या.

अर्धं काम झालं तेव्हा रियान धावत आला. ऑक्टोबरमधला माझा चेहरा त्याच्या लक्षात नव्हता, पण आवाज न चढवता बोलला, हे कबूल करते. म्हणाला, "आया, हे काय चालवलंयस? कुणाच्या घरी कामाला आहेस तू?"

मी म्हटलं, "आबेल आरेंड्सच्या."

"हा बांध तोडायची परवानगी कुणी दिली?"

"ज्या घरानं रचला त्या घरानं. पटत नसेल तर घरी जाऊन विचार."

तो घराकडं गेला. तू वरच्या गॅलरीत उभी होतीस, टोपीत. तो आत शिरला तेव्हा मी हातातला दगड खाली ठेवला आणि थांबले. पाणी चढेपर्यंत थांबले. कुणी बाहेर आलं नाही.

त्यानं विचारलं का?

हेस्टर


स्कुल्पबाय
३ फेब्रुवारी १९९९

सुस,

विचारलं नाही. घरात आला तो थेट फोनकडं गेला. पोलिसांना बोलावू का, एवढंच विचारलं. मी नको म्हटलं. म्हातारी आहे, जाऊ दे, म्हटलं.

या उधाणाला मी दगड गोळा करायला खाली गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा पहिला दगड कुठं ठेवायचा ते कळेना. मी तुझ्याबरोबर शिकले ते फक्त पडलेलं भरून काढणं. पायापासून पांनी रचला होता. थोड्या वेळानं रियान आला, माझ्या हातातला दगड घेतला आणि बाजूला टाकला. म्हणाला, "पुरे आता, आई. तुझी कंबर गेली. संघानं पैसे मंजूर केलेत. मार्चमध्ये कंत्राटदार येतोय. सिमेंटमध्ये बांधून टाकू, म्हणजे कुणी काढायला नको आणि तुला रचायलाही नको."

मी म्हणाले, "सिमेंटचा बांध मासे धरत नाही. पाणी फटींतून गेलं पाहिजे, नाहीतर तळं नुसतं साचून सडतं."

तो थांबला. माझ्याकडं पाहू लागला. खरंच उत्सुकतेनं, सुस, लहानपणी गोटा हातात घेऊन बघायचा तसा. किनाऱ्यावर आम्ही दोघंच होतो. म्हणाला, "हे तुला कुणी शिकवलं, आई?"

मी म्हणाले, कुठंतरी वाचलं होतं.

डी. लोम्बार्ड